दिलेले शेत आणि ठेवलेले शेत

बंगळूर शहरातील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली वसली. म्हैसूरचे त्या वेळचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव तिला मिळाले. सरळ समांतर रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते आणि घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या अरुंद बोळी, असा नकाशा आधी कागदावर आखून मग वसवलेल्या येथील अगदी पहिल्या वस्त्यांपैकी ती एक होय. १९७४ साली लग्न होऊन मी येथे आले, तेव्हा आमच्या रस्त्यावर कौलारू, बैठी घरे होती. पुढे लाकडी खांबांचा ओटा, मागे नारळाची दोन झाडे आणि परसात कपडे धुण्याचा दगड, अशी त्यांची साधारण ठेवण असे. आता त्यांतली मोजकीच उरली आहेत. शेजारी भेटले की हल्ली प्रकृतीच्या चौकशीआधी चौरस फुटाचा भाव निघतो.

त्या पाठीमागच्या बोळींचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. सफाईकामगारांना घरात न शिरता मागून येता-जाता यावे, म्हणून त्या ठेवल्या होत्या. भुयारी गटारे आल्यावर त्यांचे काम संपले. मग एकाने तेथे पायरी बांधली, दुसऱ्याने पाण्याची टाकी ठेवली, तिसऱ्याने त्या टाकीवर पत्रे घातले. कोणी चोरी केली असे म्हणता येणार नाही. बोळ सर्वांची होती, म्हणून ती कोणाचीच राहिली नाही.

पण ह्याच पेठेत याच्या उलट उदाहरणेही आहेत. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथे आहे. आर. कल्याणम्मा यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले ‘मक्कळ कूट’, म्हणजे मुलांची मंडळी, हेही येथलेच. ह्या जागांना मालक असा एक माणूस नाही. आणि तरी त्या विरून गेल्या नाहीत, कारण तेथे सभा भरतात, मुले येतात, हिशेब मांडला जातो, प्रसंगी भांडणही होते. बोळीबद्दल मात्र कोणी कधी भांडले नाही.

हा भेद माझ्या लक्षात आला तो माहेरच्या शेतामुळे. वाचकभगिनींपैकी पुष्कळ जणींचे माहेरी असे एखादे शेत असेल, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते.

माझे माहेर वर्धा जिल्ह्यातले. आजोबांची नऊ एकर काळी जमीन होती. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. विनोबाजींचे भूदान तेव्हा ऐन भरात होते. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली, तेथून त्या यज्ञाचा आरंभ झाला. विनोबांचे पवनार आमच्या गावापासून दूर नाही. १९५४ साली आजोबांनी नऊपैकी तीन एकर लिहून दिली. आजीने त्यावर दोन दिवस चूल पेटवली नाही, असे आई सांगत असे. पेटवली नाही याचा अर्थ आत्याने पेटवली. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “द्यायचे तर धुऱ्याकडचे द्या, विहिरीकडचे नको.” त्याप्रमाणे धुऱ्याकडचे, म्हणजे बांधाकडचे, तीन एकर गेले आणि विहिरीकडचे सहा राहिले.

विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता, आणि त्या राज्याने १९५३ साली भूदानासाठी वेगळा कायदा केला होता. त्या रीतीने आमच्या तीन एकरांवर गावातील एका भूमिहीन कुटुंबाचे नाव चढले. अट एवढीच, की जमीन स्वतः कसावी, ती विकता येणार नाही. आज त्या कुटुंबाची तिसरी पिढी तेथे राबते. गाव त्या वावराला नुसते ‘भूदान’ म्हणते. ‘औंदा भूदानात तूर चांगली आली’ असे कोणी बोलले, तर त्यात त्याला काही विशेष वाटत नाही.

आमच्या सहा एकरांची गोष्ट निराळी. वडील नोकरीनिमित्त नागपूरला गेले, भाऊ पुण्यास, मी इकडे. वावर दर वर्षी मक्त्याने जाऊ लागले. कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे. ज्याला पुढच्या वर्षी हे वावर आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नाही, तो त्यात शेणखत कशाला घालील? बांध फुटला तर तो यंदापुरती माती लोटतो. विहिरीतला गाळ काढण्याचा खर्च त्याने का सोसावा? त्याच्या जागी मी असते तर मीही सोसला नसता. उलट ‘भूदाना’च्या धुऱ्यावर बाभळी राखलेल्या आहेत, उताराला आडवी दगडांची ताल घातलेली आहे, पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर आहे. दोन्ही वावरांची माती एकच, पाऊस एकच, आणि मध्ये हातभर रुंदीचा धुरा. पण ढेकूळ हातात घेतले की फरक कळतो.

नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला. शिर्डीपर्यंतचा त्याचा भाग २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. त्याआधीपासूनच जमिनीचे दलाल मोटारी घेऊन फिरत होते. धाकट्या भावाचा दूरध्वनी आला. “ताई, पिढ्यान्पिढ्या कापूस लावून मिळाले नसते एवढे पैसे एका सहीने मिळत आहेत. आपल्यापैकी कोणी तेथे जाऊन राहणार आहे का?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या मुलीचे शिक्षण परदेशी चालू आहे, स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया व्हायची आहे. हा माणूस लोभी नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात चार महिने रजा काढून तोच उशाशी बसला होता.

मी लगेच उत्तर दिले नाही; थोडे वाचावयाचे ठरवले. जमीन विकली न जाता नीट राखली जावी, ह्यासाठी माणसांनी काय काय करून पाहिले आहे, हे मला समजून घ्यावयाचे होते.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की दान दिल्याने जमीन आपोआप राखली जात नाही. भूदानात देशभर सुमारे ४२ लाख एकर जमीन मिळाली, आणि तिच्यातली निम्मीदेखील प्रत्यक्ष वाटली गेली नाही. काही खडकाळ होती, काहीवर वाद चालू होते, आणि कित्येक दानपत्रे तशीच दप्तरात पडून राहिली. देण्याचा क्षण मोठा होता, परंतु पुढच्या दहा वर्षांची काळजी वाहणारे कोणी गावोगाव नव्हते. आमचे तीन एकर टिकले ते केवळ कायद्यामुळे नव्हे. आजोबा जिवंत असेतो दर पाडव्याला त्या वावरात जाऊन बसत, ह्याचाही त्यात वाटा आहे.

विनोबांना ही उणीव दिसली असली पाहिजे. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरौठ गावाने आपली सारी जमीन एकत्र देऊ केली आणि भूदानातून ग्रामदान निघाले. पाच वर्षांनी, १९५७ च्या सप्टेंबरात, म्हैसूरजवळ येलवाल येथे ग्रामदानावर परिषद भरली. तिला पंडित नेहरू आले होते, आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपादही आले होते. आमच्या पेठेतून मोटारीने तीनचार तासांवर असलेल्या त्या गावाशी माझ्या वावराचा असा संबंध असेल, हे मला माहीत नव्हते.

ग्रामदानाची कल्पना ऐकताना अवघड वाटते, पण मर्म सोपे आहे. जमिनीची मालकी म्हणजे एक अखंड गोष्ट नसून ती अनेक हक्कांची मोळी असते. कसण्याचा हक्क, पीक घेण्याचा हक्क, मुलांना देण्याचा हक्क आणि बाहेरच्याला विकण्याचा हक्क. ग्रामदानात ही मोळी सोडतात. मालकी ग्रामसभेच्या नावे होते; कसणे, पीक घेणे, वारसाला देणे हे कुटुंबाकडेच राहते; बाहेरच्याला विकणे तेवढे बंद होते. पुढे विनोबांनी जे सुलभ ग्रामदान सांगितले, त्यात विसावा हिस्सा जमीन भूमिहीनांसाठी आणि चाळिसावा हिस्सा उत्पन्न गावाच्या कोषासाठी काढावयाचे होते. महाराष्ट्राने १९६४ साली ग्रामदानाचा कायदा केला. पाऊणभाग तरी जमीनमालकांनी होकार द्यावा, अशी त्यात अट आहे. एकट्यादुकट्याच्या मनात येऊन ते होत नाही.

हा कायदा कित्येक वर्षे जवळजवळ झोपूनच होता, आणि आसामने तर २०२२ मध्ये आपला ग्रामदान कायदा रद्दच केला. पण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा ह्या गोंड वस्तीने तो २०१३ साली जागा केला. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. मागल्या हिवाळ्यात माहेरी गेले असताना भाचीला सोबत घेऊन मी तेथे जाऊन आले. फार मोठे काही पाहावयास मिळाले असे नाही. शेपाचशे वस्तीचे गाव, सारवलेली अंगणे, कुडाच्या कुंपणावर चढलेले वेल. जे पाहावयाचे ते भोवतालच्या रानात आहे, आणि जे समजून घ्यावयाचे ते लोकांच्या बसण्यात आहे.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् ह्या धरणांमुळे तिकडची जंगले व गावे बुडणार होती. बाबा आमटे, लालश्याम शाह आदींच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि ती धरणे थांबली. त्यातून परतलेल्या मेंढ्याच्या लोकांना प्रश्न पडला, की बाहेरच्यांपासून रान वाचवले, आता आपल्यापासून ते कोण वाचवील? देवाजी तोफा हे गावातलेच, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती. त्यांच्यासारख्यांनी उत्तर दिले नाही, लोकांना बसवले. ग्रामसभेत बहुमताने निर्णय करावयाचा नाही, सर्वांना पटेपर्यंत बोलावयाचे, असे ठरले. शिवाय अभ्यासगट नेमले. एखादी गोष्ट समजत नसेल तर ठरविण्याआधी ती शिकून घ्यावयाची, जाणत्याला बोलवावयाचे, पण निर्णय मात्र ग्रामसभेनेच करावयाचा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे पुष्कळ गाजली. तिच्यातला दुसरा अर्धा भाग किती वेळखाऊ आहे हे घोषणेवरून कळत नाही.

दारूबंदी तेथे अशीच बोलून बोलून झाली. रानाचे नियमही तसेच झाले. गरजेपुरते लाकूड घ्यावे, तेही ग्रामसभेला विचारून. तेंदूपानासाठी झाड तोडावयाचे नाही, रान पेटवावयाचे नाही. मध काढताना पोळे जाळून माशा मारावयाच्या नाहीत. रानात गस्त घालण्याची पाळी घरोघर फिरते. ही यादी वाचावयास सोपी आहे. पण आग लावली की नवा पाला लवकर फुटतो, आणि तोच पाला विकून घरात रोख पैसा येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमाची किंमत कळते. बांबूचेही तसेच. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या तोडीला गावाने विरोध केला, तो बांबू नको म्हणून नव्हे. कोंब राखून, बेटाच्या आतला बांबू न दुखवता तोडला तर तेच बेट वर्षानुवर्षे देत राहते. ठेक्याने आलेला तोडणारा एवढा वेळ घालवीत नाही. माझ्या सहा एकरांतल्या मक्तेदाराचीच ही गोष्ट, फक्त रानात घडलेली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत ते मोडते. तरीही स्वतः राखलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. रान हाती आल्यावर शेतजमिनीचे काय, असा विचार झाला, आणि २०१३ साली गावाने आपली सारी खाजगी शेती ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. त्याला सरकारदरबारी पूर्ण मान्यता मिळण्यास पुढे कित्येक वर्षे गेली. परंतु सभा थांबल्या नाहीत. कागद येईपर्यंत लोक कागद आल्यासारखेच वागत होते.

येथे एक दूरची गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यामध्ये १९६९ साली काळ्या शेतकऱ्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था काढून पाच हजार सातशे एकरांवर जमीन घेतली. मतदानाच्या हक्कासाठी झगडल्याबद्दल गोऱ्या मालकांनी त्यांच्यापैकी कित्येकांना घराबाहेर काढले होते. ज्याची जमीन त्याचीच सत्ता, हे ते भोगून शिकले होते. जमीन संस्थेची, घर व पीक कसणाऱ्याचे, अशी ती योजना होती. तिच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यासमोर इस्रायलमधील प्रयोगांबरोबर आपले ग्रामदानही होते. तिकडे जमिनीचे जे विश्वस्त मंडळ आज गावोगाव दिसते, त्याचा उगम येथून सांगतात. पुढे दुष्काळ पडले, वेळेवर कर्ज मिळाले नाही, आणि १९८५ मध्ये सारी जमीन गेली. पण मंडळी विखुरली नाहीत. कर्ज देताना सरकारी खात्याने काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केला, ह्या दाव्यात त्यांना भरपाई मिळाली, आणि २०११ मध्ये त्यांनी पुन्हा सोळाशे एकरांवर जमीन घेतली. पूर्वी तेथे गुलाम राबवणाऱ्या मालकाचा मळा होता.

हे सारे वाचून-पाहून झाले, तरी माझा प्रश्न उभाच होता. आमचे गाव ग्रामदानी नाही आणि उद्या होईल असेही चिन्ह नाही. सार्वजनिक न्यासाला जमीन दिली तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून न्यासाला ती विकता येत नाही, हे संरक्षण चांगलेच. पण शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या नावे करावयास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मुख्य म्हणजे, त्या न्यासात बसणार कोण? पुण्याचा भाऊ, बंगळूरची मी आणि परदेशातली भाची? पाठीमागच्या बोळीला असेच मालक होते.

मेंढ्याहून परतताना मी ‘भूदाना’त गेले. तेथले वडीलधारे आता सत्तरीपुढचे आहेत. विकता न येणारी जमीन बाळगणे कसे वाटते, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “बाई, इकता येत नाई म्हणून तं हे वावर राह्यलं. नाई तं बापानं माह्या दुखण्यातच इकलं असतं.” त्यांचा मुलगा बाजूला फवारणीचा पंप धूत होता. तो मान वर न करता बोलला, “अन् बँकेत गेलं का साहेब म्हन्ते, ह्या सातबाऱ्यावर कर्ज भेटत नाई.” दोघेही खरे बोलत होते. म्हाताऱ्यांनी त्यावर काही उत्तर दिले नाही, आणि मलाही सुचले नाही. मेंढ्याला गावाचा कोष आहे, अडल्यानडल्याला तो उभा राहतो. ह्या तीन एकरांच्या पाठीशी तसे कोणी नाही. आजोबांनी जमीन दिली, पण तिच्याभोवती बसणारी सभा त्यांना एकट्याने देता येण्यासारखी नव्हती.

रात्री भावाशी दीड तास बोलणे झाले. त्याने विकू नये असे मी म्हटले नाही. सहा एकरांची वाटणी करावी, महामार्गाच्या बाजूचे तीन एकर त्याने घ्यावे आणि त्याचे त्याने ठरवावे, असे सुचवले. धुऱ्याला लागून असलेले तीन माझे. तो हसून म्हणाला, “ताई, विहीर माझ्याकडे येते आहे.” विहिरीच्या पाण्याचा हक्क दोन्हीकडे लिहावयाचा, यावर बराच वेळ गेला. शेवटी त्याने मान्य केले; विकत घेणारा पुढे ते मानील की नाही, ते दोघांनाही सांगता येत नव्हते.

माझ्या तीन एकरांचा मक्ता यापुढे वर्षावर्षाचा नाही. ‘भूदान’ कसणाऱ्या मुलाशीच लेखी करार करावयाचा आहे. मुदत दहा वर्षांची, दर वर्षाचा मोबदला ठरलेला, आणि बांध, ताल व विहिरीतला गाळ यांचा खर्च निम्मा माझा. ह्या मातीत खत घातले तर त्याचे पीक आपल्यालाच मिळेल, एवढा भरवसा त्याला त्यातून यावा. हे ग्रामदान नव्हे आणि न्यासही नव्हे. गावातील चार कुटुंबांनी अशीच जमीन एकत्र बांधून एखादी सभा भरवावी काय, असे मी सरपंचबाईंना विचारले आहे. त्यांनी नाही म्हटले नाही. पेरण्या आटोपल्यावर बसू, म्हणाल्या. भूमापन कार्यालयात मोजणीचे शुल्क भरले आहे. मोजणीदार येतील त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी धुऱ्यावर हजर राहावे, अशी नोटीस निघेल. भावाने त्या तारखेसाठी पुण्याहून रेल्वेची तिकिटे काढून ठेवण्याचे कबूल केले आहे, आणि खुणेचे दगड ‘भूदाना’तले म्हातारे स्वतः पुरणार आहेत, कारण १९५४ चा धुरा नेमका कोठून जात होता, हे वडिलांकडून ऐकलेले आता त्यांनाच ठाऊक आहे.